घरच्या कागदपत्रांची वर्गणी

वर्गणी हा शब्द आपल्याला नवा नाही. वाचनालयाची, गणेशोत्सवाची, मासिकाची वर्गणी आपण आनंदाने भरतो. मासिकाची वर्गणी एखाद्या वर्षी भरली नाही, तर पुढचे अंक येत नाहीत. मागचे अंक मात्र कपाटात राहतात आणि ते वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. आता संगणकावर पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे, मुलांचे प्रकल्प तयार करणे ह्यांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचीही वार्षिक वर्गणी असते. ती भरावी की नाही, असा प्रश्न आपल्या घरी निघाला असेल, तर वाचकहो, उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार करू.

पूर्वी वर्ड आणि एक्सेल एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे वापरता येत. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ ह्या नावाने वर्गणीची पद्धत सुरू केली. २०१३ मध्ये ती घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि २०२० मध्ये तिचे नाव मायक्रोसॉफ्ट ३६५ झाले. एकरकमी खरेदीचा मार्ग अजून खुला आहे. ऑफिस २०२४ एका संगणकासाठी विकत मिळते; पुढची आवृत्ती मात्र वेगळी घ्यावी लागते. शिवाय विकत घेतलेली वस्तूही जुनी होते. ऑफिस २०१६ आणि २०१९ ह्यांच्या सुरक्षादुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत.

वर्गणी संपल्यावर काय होते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या फाइली लगेच नाहीशा होत नाहीत. त्या उघडता येतात, वाचता येतात, छापता येतात. परंतु संगणकावरील त्या वर्डमध्ये एक अक्षरही बदलता येत नाही. वर्गणीबरोबर मिळणारी १ टेराबाइटची साठवणही जाते आणि विनामूल्य ५ गिगाबाइट तेवढी उरते. साठा त्याहून अधिक असेल, तर त्यात नवी भर घालता येत नाही. लग्नाची छायाचित्रे, घराचे दस्तऐवज, आजीच्या आठवणींची टंकलिखित वही असे सारे तेथेच ठेवणाऱ्या कुटुंबाला मग वर्गणी थांबवणे जड जाते. पहिल्या वर्षी जी सोय होती, ती पाचव्या वर्षी सक्ती होऊन बसते. खरा धोका पैशांपेक्षा येथे आहे.

पैशांचा हिशेबही पाहू. उदाहरणादाखल वर्षाला ६,००० रुपये धरले, तर मुलगी पाचवीतून दहावीत जाईपर्यंत ३०,००० रुपये होतात. तथापि कुटुंबासाठीच्या योजनेत सहा जणांना प्रत्येकी स्वतंत्र खाते आणि साठवण मिळते. सहाही जण खरोखर वापरणारे असतील, तर हा खर्च माणशी वर्षाला १,००० रुपयांवर येतो. एकटे आजोबाच पत्रे लिहिणार असतील, तर तोच खर्च उधळपट्टी ठरेल.

विनामूल्य पर्याय कमी प्रतीचे असतात, हा समज सोडून द्यावा. लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर २०१० पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ह्या संस्थेच्या आश्रयाखाली तयार होत आहे. त्याला किंमत नाही, ते इंटरनेटशिवाय चालते, वर्डच्या फाइली उघडते आणि त्यातील आज्ञा मराठीतही दिसू शकतात. केरळमधील सरकारी शाळांतील मुले अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात. इंटरनेट चांगले असेल, तर गूगल डॉक्स किंवा ब्राउझरमधील वर्डची साधी आवृत्तीही विनामूल्य वापरता येते. मुलांच्या महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेल पत्त्यावर ऑफिस मिळते का, हेही विचारावे. अनेक संस्था ते देतात.

मग पैसे कोणी भरावेत? ज्यांचे लिखाण कचेरीतून किंवा प्रकाशकाकडून वर्डमधील दुरुस्त्यांसह वारंवार परत येते, ज्यांच्या एक्सेलमध्ये स्वयंचलित आज्ञांची गुंतागुंत आहे, किंवा ज्या घरात साठवणीची गरज अनेकांना आहे, त्यांनी अवश्य भरावेत. पोटापाण्याच्या कामात हत्यार चांगले हवे. इतरांनी आधी महिनाभर एक प्रयोग करावा. घरात कोण कोणते काम संगणकावर करते, ते एका कागदावर लिहीत जावे. आपल्या पाच अवघड फाइली निवडाव्यात: अर्ज, सोसायटीचा हिशेब, तक्ते असलेला प्रकल्प, मराठीतील लांब लेख, शाळेचे सादरीकरण. त्या लिबरऑफिसमध्ये उघडून तक्ते जागेवर आहेत का, जोडाक्षरे नीट दिसतात का, पाने मोडतात का, ते पाहावे. जे बिघडेल त्याची नोंद करावी. महिन्याच्या शेवटी निर्णय आपोआप स्पष्ट होईल.

वर्गणी घेतलीच, तर नूतनीकरणाकडे लक्ष असू द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून अशी रक्कम आपोआप वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावयास हवी. ती न वाचता पुसून टाकू नये. आपण पूर्वी मान्य केलेलीच किंमत आणि योजना तीत आहे ना, हे ताडून पाहावे.

आणि मार्ग कोणताही पत्करला, तरी एक शिस्त पाळावी. महत्त्वाच्या कागदांची अखेरची प्रत पीडीएफमध्ये, आणि पुढे बदलावे लागतील अशा कागदांची प्रत ओडीएफमध्ये, घरच्या डिस्कवर ठेवावी. ओडीएफ हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या फाँटांत लिहिलेल्या पत्रांत आज अक्षरांऐवजी रोमन खुणा दिसतात, हा अनेक घरांचा अनुभव आहे. सहा महिन्यांतून एक रविवार ह्या कामासाठी राखून ठेवावा आणि मुलांनाही सोबत घ्यावे. आजीची वही नातवंडांना वाचता येणे हे कोणाच्याही वर्गणीवर अवलंबून राहू नये.