विमानातून कुणी उतरायचं?

परवा संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत बसले होते आणि शेजारी लेक लॅपटॉप मांडीवर घेऊन ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग बघत होती. कितव्यांदा कोण जाणे! अचानक ती टाळ्या वाजवत ओरडली, “उतरली, उतरली! आई, रेचल विमानातून उतरली!” माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “पण का गं उतरली?” लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी गणपतीच्या आरतीत शिंकले होते. “आई, लव्हस्टोरी आहे ती!”

लव्हस्टोरी आहे, मान्य. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये राहणारे सहा मित्रमैत्रिणी, त्यांचं एक कॉफी हाउस आणि त्यांची न संपणारी प्रेमप्रकरणं. सप्टेंबर 1994 मध्ये ही मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि मे 2004 मध्ये संपली. दहा वर्षं, 236 भाग. शेवटचा भाग एकट्या अमेरिकेत पाच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. आपल्याकडे केबलवर लागायची तेव्हा मी नुकती कॉलेजमधून बाहेर पडले होते. आता माझी लेक त्या वयाची आहे आणि तीही त्याच विनोदांवर हसते. चँडलरचं काम करणारा मॅथ्यू पेरी 2023 मध्ये गेला, तेव्हा आम्ही दोघी सारख्याच हळहळलो होतो.

दहा वर्षं लोकांना एकच उत्सुकता होती, रॉस आणि रेचलचं काय होणार? लेखकांनी ती फार हुशारीने ताणली. मध्ये कुणी ना कुणी आणून उभं करायचं आणि आपण म्हणायचं, ‘अरे देवा, आता?’ रेचलला रॉसचं प्रेम कळतं आणि ती विमानतळावर धावते, तर तो ज्युलीचा हात धरून उतरतो. पुढे दोघींतली एक निवडायची म्हणून रॉस चक्क यादी करतो. रेचलच्या नावाखाली दोष भरपूर. लाडावलेली आहे, नुसती वेट्रेस आहे, वगैरे. ज्युलीच्या नावाखाली दोष एकच, ती रेचल नाही. तेव्हा मला हे फार रोमँटिक वाटलं होतं. आता वाटतं, त्या बिचाऱ्या ज्युलीचं काय? लंडनमध्ये एमिलीशी लग्न लागताना रॉसच्या तोंडून रेचलचं नाव निघतं, तेव्हाही आपण हसलोच. पण भर मांडवात नवऱ्याने दुसरीचं नाव घेतलं, त्या मुलीकडे कुणी पाहिलं? एक जोडी ‘देवाने ठरवलेली’ म्हटली की बाकीच्या सगळ्या बायका वाटेतले दगड होतात. हे आपल्या मालिकांतही होतं, फक्त तिथे दगडांना भडक काजळ लावून खलनायिका करतात.

याच मालिकेत या प्रश्नाची दुसरी उत्तरंही आहेत, पण ती तितकीशी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

जोईचंच घ्या. रेचलला रॉसपासून दिवस गेलेले असताना जोई तिच्या प्रेमात पडतो. आधी रॉसला सांगतो, मग तिला. तिच्या मनात तसं काही नसतं. तिला रडू येतं, कारण इतका चांगला मित्र हातचा जाईल अशी तिला भीती वाटते. आणि हा, ज्याला सगळी मालिका बावळट म्हणून हसते, तो तिचा नकार ऐकून घेतो. रागवत नाही, मागे लागत नाही, मैत्री सोडत नाही. आमच्या संस्थेच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस जाते. नकार न पचवणाऱ्या मुलांमुळे हैराण झालेल्या मुली तिथे मी पाहिल्या आहेत. तो एक प्रसंग कॉलेजांतून दाखवावा, असं मला खरंच वाटतं.

नंतर रेचललाच जोई आवडू लागतो. पण लेखकांनी त्या दोघांची जवळीक एका भागात हास्यास्पद करून गुंडाळून टाकली. माझं मत विचाराल तर तिथे त्यांनी कच खाल्ली. शेवट आधीच ठरलेला असला की मधल्या माणसांना न्याय मिळत नाही.

फीबीसमोर तर दोन पुरुष उभे होते. मिन्स्कला गेलेला शास्त्रज्ञ डेव्हिड परत येऊन लग्नाचं विचारायच्या बेतात, आणि नेमका तेव्हाच माइक येऊन मागणी घालतो. फीबी माइकलाही त्या क्षणी नाही म्हणते. तिला अंगठीची घाई नसते, हे नातं कुठेतरी पोचणार आहे एवढंच तिला हवं असतं. पुढे त्यांचं लग्न होतं, बर्फात, कॉफी हाउसच्या बाहेर. घाबरून घेतलेला ‘हो’ आणि समजून घेतलेला ‘हो’ यातला फरक इतक्या हलक्या हाताने सांगितलेला मी क्वचितच पाहिला.

आणि मोनिका! तिच्यापेक्षा 21 वर्षांनी मोठा असलेला रिचर्ड देखणा, समंजस, प्रेमळ. पण त्याला आता पुन्हा मुलं नको असतात. ‘तुझ्यासाठी करीन’ असं तो म्हणतो, तेव्हा तिला कळतं की हे मनापासून नाही, आणि ती रडत रडत दूर होते. चार वर्षांनी तो परत येतो, आता मुलांनाही तयार असतो. पण तोवर ती चँडलरची झालेली असते. पुढे चँडलरशी लग्न झाल्यावर कळतं की त्यांना मूल होणं कठीण आहे. ज्या कारणासाठी रिचर्डला सोडलं, तेच इथे नशिबी यावं! पण ‘तेव्हा चुकलंच’ असं ती म्हणत नाही. दोघं बसून बोलतात, दत्तक घ्यायचं ठरवतात आणि जुळी बाळं घरी येतात.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मी लेकीला आठवण करून दिली. चँडलरची बदली ओक्लाहोमातल्या तुल्साला होते. मोनिका आधी बरोबर जायला तयार असते, पण तिला न्यूयॉर्कमध्ये मुख्य शेफची चांगली नोकरी मिळते आणि ती थांबते. काही दिवस तो येऊन-जाऊन करतो. शेवटी ऐन नाताळात नोकरी सोडून घरी येतो आणि जाहिरात क्षेत्रात उमेदवारीपासून सुरुवात करतो. म्हणजे या मालिकेत एक पुरुषही ‘उतरला’ होता. पण त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

लेक म्हणाली, “आई, त्याला ती नोकरी आवडतच नव्हती.” बरोबर आहे तिचं. आणि रेचलला पॅरिसची नोकरी हवी होती, नेमका तोच तर माझा मुद्दा! श्रीमंत बापाच्या घरून लग्नाच्या वेषात पळून आलेली, कॉफीचे कप उचलणारी मुलगी दहा वर्षांत फॅशनच्या धंद्यात स्वतःच्या पायावर उभी राहते. लग्न ठरलेल्या घरातून पळून जाण्याइतकीच ही मोठी गोष्ट आहे. तिच्या नोकरीवरूनच तर रॉसशी पहिल्यांदा बिनसलं होतं. ती कामात बुडालेली असताना हा ऑफिसात जेवणाची टोपली घेऊन हजर! आणि शेवटी सगळा हिशेब पुन्हा तिच्याच नोकरीवर येऊन मिटतो.

रॉसची बाजूही आहे. त्याचा पहिल्या लग्नाचा मुलगा बेन न्यूयॉर्कमध्ये आहे, तो सहज पॅरिसला जाऊ शकत नव्हता. कबूल. पण ‘मी येऊ का?’ हा प्रश्न त्याला सुचतही नाही, आणि बघणाऱ्या पाच कोटींपैकी बहुतेकांनाही सुचला नसावा. मला तरी 25व्या वर्षी कुठे सुचला होता? तेव्हा मीसुद्धा डोळे पुसत टाळ्याच वाजवल्या होत्या.

त्याच्या आदल्याच वर्षी, 2003 मध्ये, मला पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेतून नोकरीचं पत्र आलं होतं. लग्न नाशिकला ठरलं होतं. मला कुणी अडवलं नाही, हे मुद्दाम सांगते. ह्यांनी ‘नको’ म्हटलं नाही, सासूबाईंनीही नाही. मीच पत्राची घडी घालून कपाटात ठेवली. पुणे-नाशिक काय पॅरिस नाही, काही वाट निघाली असती. पण त्यावर बोलणंच झालं नाही. मी सुखात नाही असं मुळीच नाही. फक्त कधीतरी कपाट आवरताना ते पत्र हाती लागतं, आणि वाटतं, निदान विचारायला हवं होतं. त्यांनी मला, आणि मीही त्यांना.

त्या दिवशी लेकीला हे पहिल्यांदाच सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग लॅपटॉप बंद करत म्हणाली, “आई, ते पत्र दाखवशील?”

मैत्रिणींनो, मालिका आपल्याला विचारते, कोणाची जोडी जमणार? आपल्या मुलींना आणि तितकंच आपल्या मुलांनाही, आपण पुढचा प्रश्न विचारायला शिकवू या. जोडी जमल्यावर कोण उतरणार, आणि ते दोघांनी बसून ठरवलं का? उतरायला हरकत नाही. प्रेमात माणूस उतरतोच. फक्त दर वेळी तिनेच का?