पिशाच्च पुस्तकातच असावे

भयकथा वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे अनेकांना वाटते. मला ते मान्य नाही. 'वेताळपंचविशी' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. पुढे नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या इंग्रजी कादंबरीत ल्यूसी ही तरुणी रक्तपिपासू पिशाच्चाची भक्ष्य ठरते. याउलट, लॉरेल हॅमिल्टन यांनी १९९३ पासून लिहिलेल्या कादंबऱ्यांतील अनिता ब्लेक आधुनिक शहरात पिशाच्चांशी आणि लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसांशी स्वतः झुंजते. मला हा बदल मोलाचा वाटतो.

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना तर तो अधिकच जवळचा वाटावा. कारण आपल्या छत्तीसगडमध्ये निरपराध स्त्रीला 'टोनही', म्हणजे चेटकीण, ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत. ते थांबवण्यासाठी राज्याने २००५ साली कायदा केला. त्यानुसार एखादीला टोनही ठरवणे हाच गुन्हा आहे.

कथेतील पिशाच्च काल्पनिक असते. त्या स्त्रीच्या वाट्याला येणारा छळ मात्र खरा असतो. म्हणून भयकथा अवश्य वाचाव्यात, पण भूत पुस्तकातच ठेवून नायिकेचे धैर्य तेवढे घ्यावे. शेजारणीवर असा आळ आला, तर तिच्या बाजूने उभे राहण्यासाठी तेच उपयोगी पडेल.