कोयत्याची जबाबदारी कोणाची?

दसरा-दिवाळी ओसरली की परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील कितीतरी वाड्या-तांडे ओस पडू लागतात. म्हातारी माणसे मागे राहतात आणि बोचकी व लेकरे घेऊन नवराबायकोच्या जोड्या ट्रक-ट्रॅक्टरांतून उसाच्या फडांकडे निघतात. कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी सांगली-कोल्हापुराकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. धंद्याच्या भाषेत या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवांना एका हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. हिशेबात माणूसच नसला म्हणजे माणसाची जबाबदारीही कोणावर येत नाही.

या व्यवहाराची साखळी पाहण्यासारखी आहे. कारखाना ऊसतोडणी व वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो. वाहतूकदार मुकादमाला गाठतो. मुकादम हंगामापूर्वीच कोयत्याला उचल देतो. ही उचल तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडावयाची. आजारपणाने दिवस बुडाला तर 'खाडा' कापला जातो, आणि फेड अपुरी राहिली तर ती पुढील हंगामाच्या डोक्यावर चढते. दुसऱ्या टोकाला कारखान्यातील साखर व्यापाऱ्याकडे, मिठाईवाल्याकडे, शीतपेयांच्या कारखान्यात आणि अखेर आपल्या चहाच्या पेल्यात येते. ऊस खालून वर सुरळीत जातो, पैसा वरून खाली झिरपतो. जबाबदारी मात्र प्रत्येक कडीशी येऊन अडते. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. साखर घेणारा म्हणतो, आम्ही माल घेतला, माणसे नव्हे. प्रत्येकाचे म्हणणे कागदोपत्री बरोबर, आणि सर्वांचे मिळून मात्र घोर अन्याय!

या अन्यायाचे मोल सर्वांत जड स्त्रीला पडते. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी करविली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. फडावर ना संडास, ना न्हाणी, ना पिण्याचे शुद्ध पाणी. बाळंतपण असो वा ताप, खाडा चुकत नाही. अशा स्थितीत जे दुखणे उपचाराने बरे व्हावे त्यावर कायमची शस्त्रक्रियाच स्वस्त वाटू लागते. हा आकडा बीडचा असला तरी परभणीकरांनी स्वस्थ बसू नये, कारण मुकादम, उचल आणि खाडा यांना जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळणाकांडण करणाऱ्या स्त्रीच्या कष्टाला प्रत्यक्ष देव हातभार लावतो, ही श्रद्धा ज्या भूमीने महाराष्ट्राला दिली, त्याच भूमीतील कष्टकरी स्त्रीची ही दशा व्हावी, यापरती विटंबना कोणती?

सरकारला यात काही करता येत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याला उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याचे बंधन घातले. २०१९ साली केंद्राने साखरेची किमान विक्रीकिंमत किलोला ३१ रुपये ठरविली. उसाचे आणि साखरेचे रक्षण कायदा करू शकतो, तर कोयत्याचे का नाही? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, मुलांसाठी २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आली, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कल्याणनिधी म्हणजे जबाबदारी नव्हे. दया वर्षातून एकदा करता येते. दायित्व रोजचे असते.

माणसांप्रमाणेच पाण्याचाही हिशेब कोणी मागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या सांगली जिल्ह्यातून ते पाणी आले, त्याच जिल्ह्याच्या फडांत मराठवाड्याची माणसे कोयता चालवितात. आणि तरीही खुद्द मराठवाड्यात जायकवाडीच्या कालव्यावर व गोदाकाठी ऊस वाढतच राहिला. उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय राज्याने २०१७ साली घेतला. पाट मोकळा सोडलेले फड आजही दिसतात. ज्याला शेतीने आणि पावसाने घरी ठेवले नाही तोच कोयता उचलतो. म्हणून पाण्याचा प्रश्न आणि कोयत्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत.

कारखानदारांची एक तक्रार अगदीच खोटी नाही. उचल घेऊन टोळीसह बेपत्ता होणारे मुकादम आहेत आणि त्यांच्यापायी वाहतूकदार बुडाले आहेत. पण याचा अर्थ इतकाच की, जबाबदारी मध्यस्थावर सोपविण्याची ही रीत कारखान्यालाही परवडत नाही. यंत्राने तोडणी होऊ लागली की प्रश्न आपोआप मिटेल, असेही काही सांगतात. यंत्र आल्याने कोयता सुटेल. परंतु ज्याच्या हातचे काम गेले त्याचे काय, याचे उत्तर यंत्र देत नाही.

जगाचे वारे काही प्रमाणात बदलले आहे. महाराष्ट्रातील साखर घेणाऱ्या शीतपेय कंपन्यांना 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०२४ मध्ये याच फडांवरून प्रश्न विचारले. युरोपीय संघाने त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांना पुरवठासाखळीची जबाबदारी घ्यावयास लावणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवरही टाकली! म्हणून परक्यांच्या कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला मालक केले, तेव्हा महाराष्ट्राने कोणाची वाट पाहिली होती?

आमच्या मते मागणी साधी आहे. गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक मजुराची नोंद व्हावी, नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी. तिची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. उचलीचा हिशेब लेखी असावा आणि आजारपणाचा खाडा बंद व्हावा. फडावरील निवारा, पाणी, संडास व औषधोपचार यांची जबाबदारी गाळप परवान्याची अट म्हणून कारखान्यावरच असावी. आणि साखर घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने ही अट पाळली जाते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. यामुळे साखर किलोमागे थोडी महाग झाली, तर ती आपण शहरवासीयांनी कुरकुर न करता घ्यावी. कारण आज आपल्याला मिळणाऱ्या स्वस्ताईतला फरक परभणीची एखादी बाई स्वतःच्या शरीराने भरीत आहे.