तारीख मिळाली आणि सर्दी झाली

हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळणे ही कष्टकऱ्याच्या घरात साधी गोष्ट नसते. इको, अँजिओग्राफी, रक्ताच्या तपासण्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, योजनेची मंजुरी, रक्त देणारी पोरे, कामावरची रजा, गावाहून बोलावून घेतलेली बहीण, एवढे सगळे जुळून आले म्हणजे मग कुठे ती तारीख मिळते. आणि नेमकी त्याच आठवड्यात घरातल्या लहान पोराची सर्दी पेशंटला लागते. रात्री जेवणे झाल्यावर घरात खल सुरू होतो, डॉक्टरांना सांगायचे की नाही?

वस्तीतील पेशंटांचे कागदपत्र करून देण्यासाठी आम्ही इस्पितळात जातो, तेव्हा हा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो, तोही कुजबुजत. "दादा, जराशी सर्दीच आहे, क्रोसीन देऊन आणू का?" आमचे उत्तर ठरलेले आहे. सांगायचे, आणि भरती होण्याआधीच सांगायचे. क्रोसीनने अंगातला ताप उतरतो, ज्यामुळे ताप आला ते उतरत नाही. उलट डॉक्टर ज्या थर्मामीटरवर विसंबून असतात तोच आपण खोटा पाडतो.

बाहेरून साधी दिसणारी सर्दी या ऑपरेशनला का नडते, ते नीट समजून घेतले पाहिजे. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात आणि पुढे काही तास, कधी त्याहून जास्त, श्वास व्हेंटिलेटरवर चालतो. सर्दी-खोकला होऊन गेल्यावर श्वासनलिका काही आठवडे चिडलेली असते. नाक वाहायचे थांबले तरी आतली चिडचिड संपलेली नसते. अशा वेळी नळी गेली की नलिका आवळते, कफ साचतो, न्यूमोनिया होण्याची भीती वाढते. शिवाय छातीचे मधले हाड कापून नंतर तारेने बांधलेले असते. ते भरून यायला दोन ते तीन महिने लागतात. त्या छातीवर खोकल्याची उबळ म्हणजे काय होत असेल, याची कल्पना बाळंतपणाचे टाके पडलेल्या भगिनींना सांगावी लागणार नाही.

कोविडच्या काळात हे जगाने आकड्यांत पाहिले. ११६ देशांतील १ लाख ४० हजारांहून अधिक पेशंटांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोविड झाल्यावर सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. पुढे लशी आल्या आणि हा नियम सैल झाला.

आणि केवळ सर्दीच नव्हे. किडलेली दाढ, पायावरचे गळू, लघवीची जळजळ हीसुद्धा सांगायचीच. झडप बदलायची असेल तर दाताचा पू फार वाईट. तेथून जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसले तर पुन्हा जिवावरचे दुखणे. बायपाससाठी पायाची शीर काढतात, म्हणून पायाची जखमही लपवू नये.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली. धुणी-भांडी करून संसार चालवणारी बाई. तारखेच्या दोन दिवस आधी तिला खोकला सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, तोंड बंद ठेव. तिने मात्र डॉक्टरांना सांगितले आणि तिला घरी पाठवले गेले. घरात जे रामायण झाले ते आम्ही ऐकले आहे. दिराची रजा फुकट गेली, गावाहून आलेल्यांचे भाडे वाया गेले. "पैसेवाल्याला असे परत पाठवले असते का?" असे दीर आम्हांलाच विचारत होता. हा संशय उगाच येत नाही, रांगेत उभे राहून राहूनच तो येतो. पण तिसऱ्या दिवशी तिला कडक ताप भरला. ऑपरेशन पाच आठवड्यांनी झाले.

म्हणून प्रत्येक सर्दीला थांबावेच, असेही नाही. आमच्या माहितीतील एका गृहस्थांच्या हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीतच अडथळा होता आणि बसल्या जागी छातीत दुखत होते. नाक वाहत असतानाही डॉक्टरांनी ऑपरेशन केले, कारण थांबण्यात धोका अधिक होता. ताप नाही, छाती साफ आहे, तर काही डॉक्टर पुढे जातात. हा हिशेब दोन्ही बाजू मांडून करायचा असतो, आणि खोकला लपवला तर डॉक्टरांच्या खतावणीत एक बाजू कोरीच राहते.

ऑपरेशन पुढे ढकलले तर भांडत बसण्यापेक्षा कारण आणि पुन्हा दाखवायची तारीख केसपेपरवर लिहून मागावी. लिहिलेले असले की पुढच्या वेळी नव्या डॉक्टरसमोर पहिल्यापासून पाढा वाचावा लागत नाही. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन असेल तर मंजुरी चालू राहील की नव्याने घ्यावी लागेल, हे त्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑपरेशनसाठी बंद केलेल्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे विचारल्याशिवाय इस्पितळाचे दार सोडू नये. आपल्या मनाने सुरूही करू नयेत, बंदही ठेवू नयेत. मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी घेऊ नये. त्यातली काही औषधे रक्तदाब आणि ठोके वाढवतात. मधल्या काळात बसल्या जागी छातीत दुखले, आडवे झाल्यावर दम लागला, चक्कर येऊन पडायला झाले तर नव्या तारखेची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

घरात खोकणारे पोर असेल तर त्याला शेजारी किंवा मामाकडे झोपवावे. दहा बाय दहाच्या खोलीत हे सांगणे सोपे नाही, पण तारखेआधीचे दोन आठवडे एवढे जमवावे. आणि रक्त देणाऱ्या पोरांचेही पाहावे. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. ज्यांनी अजून दिले नसेल त्यांना नवी तारीख कळेपर्यंत थांबवायचे का, हे रक्तपेढीत विचारून घ्यावे.