परवान्याचा कागद आणि एकांताचे मिथक

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत आपण एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरली आहे. लेखक निघतो, पोचतो, पाहतो आणि अंतर्मुख होतो. एवढाच भाग वाङ्मयीन. निघण्यापूर्वी त्याने कोणता अर्ज भरला, कोणत्या कार्यालयाने त्याला किती रात्रींची मुभा दिली, पाण्याचा हिशेब कसा मांडला, हा सारा मजकूर 'माहितीपर' म्हणून समासात ढकलला जातो. ही वर्गवारी दिसते तितकी निरुपद्रवी नाही. तिच्या आडोशाने लेखकाला एक असत्य सांगण्याची सोय होते. ते असत्य असे, की एकांत त्याला निसर्गाने दिला.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी दऱ्यांविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. एडवर्ड ॲबीचे 'डेझर्ट सॉलिटेअर' १९६८ साली प्रसिद्ध झाले. युटातील आर्चेस येथे त्याने १९५६ आणि १९५७ साली रेंजर म्हणून काम केले होते. पुस्तकात मात्र एकाहून अधिक हंगामांचा अनुभव एकाच हंगामात गुंफलेला आहे. मोटारगाड्या, डांबरी रस्ते आणि पर्यटनाचा कारखाना यांच्यावर त्याने केलेला हल्ला आजही वाचावा असाच आहे. नव्या रस्त्याच्या आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या तो उपटून टाकतो, तेव्हा वाचक मनोमन टाळी देतो. पण हा बंडखोर सरकारी पगारावर होता, आणि उद्यानात येणाऱ्यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे कामच होते, याचा विसर आपल्या रसग्रहणात फार सहज पडतो. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते हे आपण त्यांच्या परिचयात आवर्जून नोंदवतो, कारण त्या नोकरीनेच त्यांना जंगल दिले. ॲबीच्या बाबतीत तीच नोंद आपल्याला अडचणीची का वाटावी?

याच परंपरेचा आद्यग्रंथही या दोषातून सुटत नाही. जॉन वेस्ली पॉवेलने १८६९ साली कोलोराडो नदीतून ग्रँड कॅनियन पार केली. हे धाडस निःसंशय असामान्य होते. परंतु त्याही मोहिमेला सैन्याच्या कोठारातून शिधा उचलण्याची परवानगी काँग्रेसच्या ठरावाने मिळाली होती. पुढे १८७५च्या वृत्तांतात पॉवेलने दुसऱ्या मोहिमेतील प्रसंगही पहिल्या मोहिमेच्या नावावर मांडले आणि दुसऱ्या तुकडीतील सोबत्यांचा नामोल्लेखही केला नाही. एकट्या वीराची प्रतिमा उजळायची तर इतरांची नावे आणि कागद पुसावे लागतात, हे तंत्र तेव्हापासूनचे आहे.

आता तो कागदच वाचू. ग्रँड कॅनियनमध्ये दिवसाची पायपीट करायला परवाना लागत नाही. कड्याखाली तंबू ठोकून रात्र काढायची असेल तर लागतो. सुमारे चार महिने आधी सोडत निघते. सोडतीत नाव आले म्हणजे परवाना मिळाला असेही नव्हे. इतरांच्या आधी जागा निवडण्याची वेळ तेवढी मिळते. कोणती रात्र कोणत्या तळावर किंवा कोणत्या विभागात काढणार, हे रात्रीगणिक लिहून द्यावे लागते. सहापर्यंत माणसांचा गट लहान, सात ते अकरांचा मोठा. त्याहून मोठ्या गटाला एकत्र मुक्काम नाही. दक्षिण कड्यापासून नदीपर्यंतचा उतार सुमारे १४०० मीटर, आणि उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांच्या वर जाते. नळ आहेत, पण जलवाहिनी फुटली की ते कोरडे पडतात. म्हणजे हा अर्ज भरणाऱ्याला आपले पाय, आपले पाणी आणि आपला परतीचा चढ यांची कबुली आधीच द्यावी लागते. चढ शेवटी येतो, हे त्या दरीचे व्याकरणच आहे. डोंगर चढणाऱ्याची सवय तेथे उलटी होते.

कॅनियनलँड्समध्ये आणखी एक धडा मिळतो. तेथील जमिनीवर सूक्ष्मजीव, दगडफुले आणि शेवाळ यांची काळपट खरखरीत साय असते. ती वाळू धरून ठेवते, पाणी मुरवते. तिच्यावर पडलेले एक पाऊल भरून यायला दशके लागतात. म्हणून तेथे मुक्कामी गटांची संख्या मोजलेली असते, आणि काही भागांत माणसाला स्वतःची विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत न्यावी लागते. 'निसर्गाशी एकरूप झालो' असे लिहिणाऱ्या लेखकाने ही पिशवी आपल्या परिच्छेदात कोठे ठेवली आहे, असा प्रश्न विचारणे असभ्य नाही. तो समीक्षेचा प्रश्न आहे. एकरूपतेची खरी किंमत त्या पिशवीत आहे.

नियोजन लिहिले की साहित्य मरते, या समजुतीला उत्तर १९६८ सालीच मिळाले होते. कॉलिन फ्लेचरने १९६३ साली त्या वेळच्या ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाची संपूर्ण लांबी कड्याखालून सलग चालून पार केली. त्यावरचे त्याचे 'द मॅन हू वॉक्ड थ्रू टाइम' हे पुस्तक ॲबीच्या पुस्तकाच्याच वर्षी आले. त्यात आधी लपवून ठेवलेला शिधा आहे, विमानातून टाकलेली रसद आहे, जाणकारांकडे केलेली विचारपूस आहे. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, कोट्यवधी वर्षांच्या खडकांपुढे त्याला आलेली स्तब्धता पटते. ती स्तब्धता मिळवायला काय काय वाहून न्यावे लागले, हे वाचकाला ठाऊक असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. परवाना हे नोकरशाहीचे हत्यार आहे, आणि आता तर अर्जांचे संकेतस्थळ खासगी कंत्राटदार चालवतो. सोडत हरली तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आणि आगाऊ ठरवता येणारी रजा आहे त्यालाच ही व्यवस्था सोयीची. हे मान्यच केले पाहिजे. पण त्यावरून परवानाच नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे रांग मोडणाऱ्याला रस्ता करून देणे. ग्रँड कॅनियनच्या खासगी नौकाप्रवासांसाठी पूर्वी प्रतीक्षायादी होती. ती इतकी लांबली की अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. २००६ साली तिच्या जागी सोडत आली. न्याय्य वाटप कसे करावे हा वाद जिवंत आहे आणि तो व्हायलाच हवा. मर्यादा असूच नये, हा मात्र वाद नव्हे. ती धनवंताची चैन आहे.

खरा, अधिक गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि ॲबीचे चाहते तो क्वचितच घेतात. १९६४च्या वन्यभूमी कायद्याने माणसाला तेथे न थांबणारा पाहुणा ठरवले. मग जे पाहुणे नव्हतेच त्यांचे काय? ब्राइट एंजल वाटेवरच्या एका झऱ्याकाठी हवासुपाई लोक पिढ्यानपिढ्या शेती करीत. १८८२ साली त्यांना एका उपदरीत ५१८ एकरांत कोंडले गेले, १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि झऱ्याकाठच्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ साली तेथून हलवले गेले. १९७५च्या कायद्याने सुमारे १,८५,००० एकर जमीन जमातीला परत मिळाली. झऱ्याकाठच्या तळाला 'हवासुपाई गार्डन्स' हे नाव मिळायला २०२२ साल उजाडले. आज हवासूच्या धबधब्यांकडे जायचे तर उद्यानाचा कागद चालत नाही; जमातीची परवानगी लागते. ॲबीने त्याच हवासूवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तेथे तो काही आठवडे राहिला, पण त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी त्याचा स्वतःचा एकटेपणाच राहतो.

विल्यम क्रोनन यांनी १९९५ साली वन्यभूमीच्या संकल्पनेवर जो टीकालेख लिहिला, त्याचा रोख याच दिशेने होता: रिकामी भूमी ही सापडत नाही, ती रिकामी केली जाते. परवान्याचा कागद आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. ही भूमी किती नाजूक आहे, आणि ती कोणी, कोणापासून रिकामी करून घेतली. म्हणूनच तो मजकुरातून गाळणारा लेखक केवळ कंटाळवाणा तपशील गाळत नाही. तो दरीला आपल्या मनःस्थितीची पार्श्वभूमी करून टाकतो.

निसर्गलेखन शिकवताना 'एकांताची ओढ' हा मुद्दा फळ्यावर लिहिणे सोपे आहे. त्याखाली आणखी तीन प्रश्न लिहावेत: परवानगी कोणी दिली, ती द्यायचा अधिकार त्याच्याकडे कोठून आला, आणि लेखकाने ती का लपवली? या प्रश्नांनी ज्या पुस्तकाचे सौंदर्य उणावते, ते सौंदर्य मुळात उसनेच होते. उरलेली पुस्तके अधिक खरी वाटू लागतील. अभ्यासक्रमात जागा त्यांनाच असावी.