‘फॉरमॅट मारावं लागेल, मॅडम’

घरातला कॉम्प्युटर बिघडला की बाईला हे ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं. का, असं विचारलं तर ‘विंडोज करप्ट झालंय’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. मशीन दुकानात जातं. त्याच्याबरोबर तिचे फोटो, बँकेचे कागद आणि मनातलं जे काही तिने लिहून ठेवलं असेल तेही जातं. पुष्कळदा ते कोरं होऊन परत येतं. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नव्हे. ज्ञान कोणाच्या हातात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा तोच जुना प्रश्न आहे.

‘करप्ट’ म्हणजे काय? विंडोज हजारो फायलींची बनलेली असते. अपडेट चालू असताना वीज गेली, डिस्कचा एखादा भाग खराब झाला किंवा व्हायरस शिरला, तर त्यातल्या काही बिघडतात. पण या फायलींच्या चांगल्या प्रतींचा साठा विंडोज स्वतःजवळच राखून असते. बिघडलेली फाईल ओळखून तिथे चांगली प्रत बसवणारं साधनही तिच्यातच असतं, फुकट.

‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या चौकटीत इंग्रजीतून ‘एसएफसी’ ही तीन अक्षरं, मग मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला लागून ‘स्कॅननाऊ’ लिहून एंटर दाबा. तपासणी संपेपर्यंत चौकट बंद करू नका. शेवटी मशीन सांगतं : बिघाड नाही, बिघाड होता तो दुरुस्त झाला, किंवा काही फायली दुरुस्त होत नाहीत. तिसरं उत्तर आलं तर बहुधा साठाच बिघडलेला असतो. त्यासाठी ‘डीआयएसएम’ हे दुसरं साधन आहे. त्याला ‘रिस्टोअरहेल्थ’चा हुकूम दिला की ते चांगल्या प्रती सहसा इंटरनेटवरून आणतं. मग पहिली तपासणी पुन्हा करायची. यात आपले कागद, फोटो पुसले जात नाहीत. डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर मात्र आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

आता खरी मेख. हे काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनच होतं. घरोघरी ते खातं कोणाच्या नावाचं असतं? राबायचं तिने आणि सातबारा त्याच्या नावाचा, तसंच इथेही. पासवर्ड त्याचा, ती पाहुणी.

‘ज्याचं काम त्याने करावं,’ असं म्हणणारे भेटतील. दुकानातल्या मुलावर आमचा राग नाही. त्यांच्यातले कितीतरी जण कॉलेजात नव्हे, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतबघत शिकले. आमचा सवाल एवढाच, की मुलीला तसं बघायला का मिळत नाही? मशीन उघडलं की हाक मुलाला, आणि मुलीला सांगायचं, चहा टाक!

वर म्हणायचं, बाईला यंत्रातलं कळत नाही. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा कॉम्प्युटर जगापुढे आला, त्याचे प्रोग्रॅम सहा बायकांनी रचले होते. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्येच्या कामातून दलित-आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पाना हातात मिळाला, पंप उघडून बघायची मुभा मिळाली, आणि त्या मेकॅनिक झाल्या.

आपल्या संघटनांच्या तर हे जिव्हारी लागायला हवं. सल्ला केंद्राच्या मशीनवर मारहाणीच्या तक्रारी असतात, जबाब असतात, घर सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता असतो. ते मशीन अनोळखी दुकानात सोडून येणं म्हणजे तिने आपल्यावर टाकलेला विश्वास काउंटरवर ठेवून येणं.

म्हणून, मैत्रिणींनो, प्रत्येक केंद्रात निदान दोघींना हे काम आलंच पाहिजे. पुढच्या शिबिरात भाषणं थोडी कमी करा आणि एक दुपार यासाठी राखून ठेवा. आणि घरच्या मशीनचा पासवर्ड आजच मागून घ्या. तो देताना कोण कांकू करतं ते नीट पाहून ठेवा. तिथला बिघाड एसएफसीने दुरुस्त होणार नाही. त्यासाठी आपण सगळ्याजणी लागणार आहोत.