मुलांसमवेत वनविहार

न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटन उद्यानात हेशियन तलावाभोवतीची वाट आजी-नातवंडांनी मिळून चालावी अशीच आहे. १९०८ साली या डोंगरापाशी तुरुंग हलविण्याचे ठरले होते. तो बेत सोडावा या अटीवर मेरी हॅरिमन यांनी १९१० मध्ये दहा हजार एकर जमीन व दहा लक्ष डॉलर दिले, आणि अरण्य वाचले. ॲपलाचियन पायवाटेचा पहिला टप्पाही १९२३ मध्ये येथूनच खुला झाला. हा इतिहास मुलांना चालता चालता सांगावा. गवतात शिरू देऊ नये. घरी परतताच अंगावर गोचीड नाही ना, हे कटाक्षाने पाहावे. आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढे ठेवावे. वडीलधाऱ्यांच्या पावलाने चालण्याचा पाठ वर्गात देता येत नाही, असे आम्हांस वाटते.